फॉर्म देशमुखांनी लावला

तायडे मॅडम मला आवडत नव्हत्या. त्यांनाही मी आवडत नव्हतो आणि हे त्यांनी पहिल्या आठवड्यातच तोंडावर सांगून टाकलं होतं. त्यामुळे आमच्यात गैरसमज असा कधी झाला नाही. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय म्हणून त्यांना देवी करणार नाही. बाई तापट होत्या, तोंडानं तिखट होत्या, चारचौघांत माणसाची अब्रू काढायला त्यांना मजा वाटायची. पण त्यांची नोकरी गेली ती यातल्या कशामुळे नाही. ती माझ्या एका वाक्यामुळे गेली, आणि ते वाक्य खोटं होतं. सात वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

आमचं दुकान वाशीमला एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. दुकानच म्हणायचे सगळे. चार टेबलं, चार कॉम्प्युटर, एक कूलर आणि काचेवर गणपतीचं स्टिकर. आम्ही वेबसाइटी करायचो. गिऱ्हाईक म्हणजे जिल्ह्यातली आणि आजूबाजूची कॉलेजं, शाळा, एखादी पतसंस्था. सगळ्यांना पानं तीच लागायची: आमच्याविषयी, प्राचार्यांचं मनोगत, प्रवेश, समित्या, संपर्क. मग दर वेळी नवीन कोण बांधतो? एका साइटवरचं बांधून झालेलं पान उचलायचं, त्याची फाइल करायची आणि दुसऱ्या साइटवर उतरवायची. नावं बदलायची, फोटो बदलायचे, झालं. बांधायला दोन दिवस, उतरवायला दहा मिनिटं. आमचे मालक भारतभाऊ गिऱ्हाइकाला दोन दिवसच सांगायचे.

भारतभाऊ माझ्या मामेभावाचे साडू. मी दुकान उघडलं त्या दिवसापासून तिथं. सगळे मला विनूभाऊ म्हणत. तायडे मॅडम आल्या आणि पहिल्या दिवसापासून ‘देशमुख’ म्हणायला लागल्या. भाऊ नाही, साहेब नाही. नुसतं देशमुख, शाळेत हजेरी घेतल्यासारखं.

त्या आधी एका छापखान्यात टायपिंग करायच्या. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं. मराठी इतकं झपाट्यानं टाइप करायच्या की कीबोर्डवर पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. उंच, हडकुळ्या, काळ्या फ्रेमचा चष्मा, पायात पुरुषी सँडल. एक वाजता डबा उघडायच्या आणि भिंतीकडे तोंड करून जेवायच्या. कुणी भाजी पुढं केली तर म्हणायच्या, “राहू द्या, मले घरची पुरते.” आम्ही पाठीमागे त्यांना ‘इन्स्पेक्टर’ म्हणायचो, आणि एकेरीत. समोर मॅडम.

त्यांची एक सवय अशी होती की अख्ख्या दुकानाला वेड लागायची पाळी यायची. कुठलंही पान दुसऱ्या साइटवर उतरवलं की त्या ते वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचायच्या. चाल नाही, चढउतार नाही. मुख्यपृष्ठ, आमच्याविषयी, संस्थेची स्थापना, फोन नंबर आला की एकेक आकडा सुटा. नऊ. आठ. दोन. दोन. गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी थांबायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, “मॅडम, मनात वाचलं तर चालत नाही का?”

“मनात वाचलं का मन आपलंच वाचते, देशमुख. जे आपल्याले पाहिजे तेच. कानानं ऐकलं का खोटं सापडते.”

असं का करतात हे त्यांनी एकदाच सांगितलं. छापखान्यात एका पत्रिकेचा मजकूर पुसून त्याच चौकटीत दुसरी पत्रिका बसवली होती. वरचं सगळं बदललं, पण आतल्या पानावर नवरीचं नाव आधीच्या लग्नातलं राहून गेलं. पत्रिका छापून, बांधून, घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी नवरीचा बाप गठ्ठा घेऊन आला. “मले वाटलं आता शिव्या देईन. नाही देल्या. एक कार्ड माह्यासमोर ठेवलं अन् म्हने, बाई, हे कोनाची पोरगी हाय? माहीवाली कुठी गेली?” एवढं सांगून त्या परत टाइप करायला लागल्या. आम्ही हसलो. मीच आधी हसलो असेन.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. पान उचलताना चौकट तेवढी उचलायची, आतलं सगळं रिकामं करून. जुन्या कॉलेजचं एक अक्षर, एक फोटो, एक नंबर नव्या घरी जाता कामा नये. माझं म्हणणं वेगळं होतं. भरलेलं पान उतरवावं आणि जे खटकेल ते बदलावं. रिकामं पान पाहिलं की प्राचार्य घाबरतात, भरलेलं पाहिलं की खूश होतात.

माझ्या पद्धतीचं पितळ एकदा असं उघडं पडलं की विचारू नका. मानोरा तालुक्यातल्या एका शाळेची साइट करायची होती, पोहरादेवीच्या रस्त्यावरची. मी कोकणातल्या कुठल्याशा कॉलेजचं एक छान पान मिळवून उतरवलं. नावं बदलली, मुख्याध्यापकांचा फोटो लावला. शाळेचे अध्यक्ष दुकानात बसलेले, मी कौतुकानं दाखवतोय, आणि मॅडमनी मागून वाचायला सुरुवात केली.

“निसर्गरम्य सागरकिनारी वसलेले आमचे विद्यालय.” थांबल्या. चष्मा वर केला. “देशमुख, मानोऱ्यात समुद्र कधी आला?”

अध्यक्ष पडद्याकडे वाकले.

“नाही, आला असन तं चांगलंच हाय,” मॅडम म्हणाल्या. “भरतीचा टाइम बी टाकून द्या मंग खाली. पोरं वाहून जातीन नाही तं.”

अध्यक्ष पोट धरून हसले. भारतभाऊ हसले. मीही हसलो, कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते पान छापून भिंतीवर चिकटवलं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘देशमुखांचे पराक्रम’. पुढच्या वर्षभरात त्याखाली आणखी सहा कागद चिकटले. एकात पतसंस्थेच्या पानावर वसतिगृहाचे नियम होते. ठेवीदारांनी रात्री नऊनंतर बाहेर पडू नये, वगैरे.

मी काही संत नाही. एका दुपारी त्या बँकेत गेल्या तेव्हा मी त्यांच्या कॉम्प्युटरवरचा मराठी कीबोर्ड बदलून ठेवला. परत आल्या, झपाट्यानं एक अख्खं मनोगत टाइप केलं, मान वर केली तर पडद्यावर नुसता कचरा. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. कीबोर्ड नीट केला, मनोगत पुन्हा टाइप केलं आणि जाताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणाल्या, “पोरखेळ चांगला जमते तुमाले. काम कधी शिकसान?”

पान वाचून झालं की त्या पानावरचा प्रत्येक फोन नंबर लावून बघायच्या. हा त्यांचा दुसरा खाक्या. समोरच्यानं उचललं की थेट मुद्द्यावर. एकदा एका कॉलेजच्या मनोगताखालचा नंबर लावला, फोनचा आवाज मोठा होता, आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

“हॅलो, कोन बोलून राह्यलं? प्राचार्य काय?”

“होतो. मी रिटायर झालो ना.”

“कधी?”

“दोन वर्षं झाली असतील.”

“मंग वेबसाइटवर अजून काहून बसले तुमी?”

त्या गृहस्थांना ते लागलं. त्यांनी भारतभाऊंना फोन केला, भाऊंनी मॅडमना बोलावलं, माफी मागा म्हणाले. मॅडम म्हणाल्या, “मानूस घरी बसला हाय अन् तठी पोराईले मनोगत देऊन राह्यला. मी कायची माफी मांगू, भाऊ?” मागितली नाहीच. भाऊंनीच मागितली.

आणि फॉर्म. साइटवर जिथं कुठं काही भरून पाठवायची सोय असेल, चौकशी, सूचना, तक्रार, तिथं त्या स्वतः भरून पाठवायच्या. ‘ही चाचणी आहे. तायडे, वाशीम.’ मग त्या कॉलेजच्या क्लार्कला फोन लावून विचारायच्या, आलं का? तो म्हणायचा पाहतो. त्या म्हणायच्या पाहा, मी हाय लाइनवर. जोवर तिकडून ‘आलं’ असा आवाज येत नाही तोवर त्यांच्या लेखी काम झालेलं नसायचं. एका फॉर्मपायी त्या अर्धा तास फोन कानाला लावून बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

पानं उचलायची आणि उतरवायची सोय आमच्याकडे एकाच कॉम्प्युटरवर आणि अडीअडचणीला मॅडमच्या मोबाइलवर होती आणि ती मॅडमच्या नावानं उघडलेली होती, कारण सुरुवातीला ती बसवली त्यांनीच. दुसऱ्या कुणाला पान उतरवायचं असेल तर त्यांच्या खुर्चीत बसावं लागे, आणि केलेल्या कामाची नोंद ‘तायडे’ अशी पडे. यावरून रोज भांडण. त्या भारतभाऊंना म्हणायच्या प्रत्येकाला वेगळं नाव द्या. भाऊ म्हणायचे पाहू. मला म्हणायच्या, “माह्या नावानं बसू नका, देशमुख. तुमाले तुमचं नाव हाय ना? मोठं हाय म्हन्ते.” मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो आणि त्या उठल्या की बसायचो.

हे सगळं आतापर्यंतचं भांडण. यापुढचं सांगणं जड जातंय, पण सांगतो.

दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला त्या दोन दिवस रजा घेत, घरच्यांना घेऊन दीक्षाभूमीला जात. अर्ज आठवडाभर आधी भाऊंच्या टेबलावर. त्या वर्षीही गेल्या. नेमकं त्याच दिवशी एका कॉलेजचा फोन आला. दोन दिवसांनी तपासणीची समिती येणार होती आणि त्यांच्या वेबसाइटवर मुलींच्या तक्रारींसाठीचं पान नव्हतं. आजच्या आज पाहिजे. मी मॅडमच्या खुर्चीत बसलो. दुसऱ्या एका कॉलेजसाठी असं पान आम्ही आधी केलेलं होतं, ते उचललं आणि भरलेलंच उतरवलं. समितीतली नावं बदलली. फोटो बदलले. फोन नंबर बदलले. तेवढं मी मन लावून केलं, भिंतीवर आणखी एक कागद नको होता मला.

खाली फॉर्म होता. नाव, वर्ग, तक्रार, पाठवा. दिसायला पूर्ण. त्याच्यात कुणाचं नाव दिसत नव्हतं म्हणून मी तो उघडलाच नाही. आत एका बारीक चौकटीत तक्रार कुठल्या मेलवर जाईल ते लिहिलेलं असतं. तो पत्ता जुन्या कॉलेजचा होता, तसाच राहिला. आणि जुन्या कॉलेजनं तो मेल त्यांच्या तपासणीपुरता काढला होता. तपासणी झाली, त्यानंतर तो कुणी उघडला नव्हता.

मॅडम नागपूरहून आल्या, हातात पुस्तकांची पिशवी. आल्या आल्या साइट पाहिली.

“हे पान तुमी लावलं?”

“हो.”

“फॉर्मची चाचणी केली का, देशमुख?”

“केली.”

“आलं म्हनले का तिकून?”

“म्हणाले.”

“कोन बोललं?”

“क्लार्क.”

तीन प्रश्नांना तीन खोटी उत्तरं दिली मी. त्या माझ्याकडे दोन क्षण बघत राहिल्या. नेहमीच्या तायडे मॅडम असत्या तर तिथल्या तिथं फोन उचलला असता. त्या दिवशी नाही उचलला. “चांगलं केलं,” म्हणाल्या आणि पिशवीतली पुस्तकं टेबलावर लावायला लागल्या. एवढ्या वर्षांत माझं काम त्यांनी पहिल्यांदा माझ्या शब्दावर सोडलं होतं. मला त्यात जिंकल्यासारखं वाटलं. खरं सांगतो, जिंकल्यासारखंच वाटलं.

समिती आली, पान पाहिलं, गेली. चार महिने गेले.

फेब्रुवारीत एका दुपारी त्या कॉलेजचे प्राचार्य दुकानात आले. सोबत एक माणूस होता, पांढरा शर्ट, पायात धुळीच्या चपला, हातात मोबाइल घट्ट धरलेला. त्याच्या मुलीनं दिवाळीनंतर एका मास्तरबद्दल तक्रार केली होती. समोर जाऊन सांगायची हिंमत नव्हती म्हणून वेबसाइटवरून. पाठवल्यावर पडद्यावर जे आलं त्याचा तिनं फोटो काढून ठेवला होता, तो फोटो बापाच्या मोबाइलमध्ये होता. ‘आपली तक्रार प्राप्त झाली आहे. समिती आठ दिवसांत आपल्याशी संपर्क साधेल.’ हे वाक्यही त्या पानासोबतच आलं होतं. तेही मीच उतरवलं होतं. पोरीनं आठ दिवस वाट पाहिली. मग महिना. मग तिला वाटलं कॉलेजनंच दाबलं. तिनं कॉलेजात जाणं बंद केलं, खाणं कमी केलं, आणि शेवटी आईला सांगितलं. प्राचार्य शपथेवर म्हणत होते, आमच्याकडे कागद आलाच नाही.

भारतभाऊंनी मॅडमला आणि मला समोर उभं केलं. साइटची नोंद उघडून पडदा फिरवला. तारीख, वेळ, आणि पुढं नाव: तायडे.

“हे काय हाय मॅडम?”

मॅडमनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. “नाव माहं हाय. काम माहं नाही. फॉर्म देशमुखांनी लावला. त्या दिवशी मी नागपूरले होती. रजेचा अर्ज तुमच्या ड्रॉवरमधी असन, पाहून घ्या.”

भाऊंनी ड्रॉवरकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. “काय विनू?”

हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? चार शिव्या बसल्या असत्या. नोकरी गेली नसती, हे मला उभ्या उभ्या ठाऊक होतं. पण समोर प्राचार्य होते, तो बाप होता, आणि बाजूला ही बाई होती, जिनं भिंतीवर माझे सात कागद लावले होते. आठवा मला लावून घ्यायचा नव्हता.

मी म्हणालो, “मॅडमनी नागपूरहून मोबाइलवरूनच लावला, भाऊ. मला फोन करून सांगितलं होतं त्यांनी.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. त्या ओरडतील असं मला वाटलं होतं.

“पुन्हा म्हना,” त्या म्हणाल्या.

मी पडद्यावरच्या नोंदीकडे पाहिलं.

“म्हना ना. मोठ्यानं म्हना. या दादाले बी ऐकू येऊ द्या, त्याईची पोरगी हाय.”

आणि मी ते वाक्य पुन्हा म्हणालो. पहिल्यापेक्षा स्वच्छ, अडखळल्याशिवाय. त्या मान हलवत ऐकत होत्या. मग त्यांनी आपली पाण्याची बाटली, डबा, टेबलावरची पुस्तकं पिशवीत भरली. भाऊंशी एक शब्द बोलल्या नाहीत. जाताना त्या बापापुढे थांबल्या. “दादा, गाव कोन्तं तुमचं? पोरीचा नंबर द्या मले.” नंबर तळहातावर पेनानं लिहून घेतला आणि जिना उतरून गेल्या.

त्या गेल्यावर भारतभाऊ प्राचार्यांना म्हणाले, “काढून टाकतो तिले आजपासून. या लोकायले कामावर ठेवलं का हेच होते, साहेब.” प्राचार्यांनी मान डोलावली. चहा आला. मी चहा प्यायलो.

‘या लोकायले’ म्हणजे कोणत्या, हे त्या खोलीत कुणाला विचारावं लागलं नाही. नोंदीत तायडेंच्या जागी माझ्या सोयऱ्यातल्या कुणाचं नाव असतं तर भाऊंनी तो ड्रॉवर उघडून पाहिला असता. हे मला नंतर नाही सुचलं. मी खोटं बोललो तेव्हाच मला माहीत होतं की ते चालून जाईल, आणि कशाच्या जोरावर चालून जाईल.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी भिंतीवरचे कागद काढले. सातही. भाऊंनी भिंत रंगवून घेतली.

पुढचं मला जुन्या कॉलेजच्या शिपायाकडून कळलं. पान मुळात कुठून उचललेलं हे मॅडमनी ओळखलं होतं, दुसऱ्याच दिवशी त्या तिथं जाऊन धडकल्या. क्लार्क म्हणाला, त्या मेलचा पासवर्ड कुणाला माहीत नाही. त्या त्याच्या समोर बाकड्यावर बसून राहिल्या. कॉलेज सुटायची वेळ झाली तरी उठेनात, तेव्हा त्यानं कुठल्या तरी जुन्या डायरीतून पासवर्ड शोधला. मुलीची तक्रार आत तशीच पडलेली होती, न उघडलेली. ती छापून घेतली, मुलीच्या गावी गेल्या, आणि तिला म्हणाल्या म्हणे, “कोनी दाबली नाही माय, पोचलीच नाही.” मग तिच्यासोबत प्राचार्यांकडे गेल्या, कागदावर पोच घेतली. समिती बसली. मास्तरची दुसऱ्या कॉलेजात बदली झाली. मुलगी परत आली नाही.

मॅडमना वाशीमच्या कुठल्याही दुकानात काम मिळालं नाही. भाऊंनी फोन फिरवले होते. छापखान्यानंही घेतलं नाही. त्या केनवडला आपल्या गावी गेल्या, एवढं मी ऐकून होतो. केनवड काही परदेशात नाही, रिसोडच्या गाडीत बसलं की येतं. सात वर्षांत मी त्या गाडीत बसलो नाही.

यंदा माझ्या मुलीचा कॉलेजात प्रवेश होता. तिच्या कॉलेजची वेबसाइट सहज पाहत होतो. आमच्या दुकानानं केलेली नव्हती ती, दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कुणीतरी केलेली. मुलींच्या तक्रारींचं पान उघडलं, आणि वळण ओळखीचं वाटलं. चौकट तीच, रंग तेवढा वेगळा. मी फॉर्ममध्ये लिहिलं, ‘ही चाचणी आहे. देशमुख.’ आणि पाठवा दाबलं. पडद्यावर आलं, आपली तक्रार प्राप्त झाली आहे. समिती आठ दिवसांत आपल्याशी संपर्क साधेल. शब्द न् शब्द तोच. कुणी कुणाचं पान उचलत उचलत तिथवर नेलं होतं कोण जाणे. मी कॉलेजात फोन केला, म्हटलं आलं का? क्लार्क म्हणाला, कुठं यायचं असते ते? मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. “बाबा, काय झालं?” म्हणाली. त्या कॉलेजात चार खेपा घालून मी तो फॉर्म नीट करून घेतला, क्लार्कच्या तोंडून ‘आलं’ ऐकलं. आणि मग रिसोडच्या गाडीत बसलो.

केनवडचा बाजाराचा दिवस होता. मॅडमचं ठिकाण विचारावं लागलं नाही, एका दारापुढं रांग दिसली आणि आतून कीबोर्डवरचा तो पाऊस ऐकू आला. पत्र्याची खोली, आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. शिष्यवृत्ती, पीकविमा, दाखले, असले ऑनलाइन अर्ज त्या भरून देत होत्या. केस पांढरे झालेले. एक म्हातारी समोर स्टुलावर बसलेली, मॅडम तिचा अर्ज भरत होत्या. मी रांग सोडून दारापर्यंत गेलो तर मान वर न करता म्हणाल्या, “रांगेत या.” मी रांगेत उभा राहिलो. पण रांगेतले लोक इस्त्रीच्या कपड्यातला शहरी माणूस पाहून बाजूला सरकले आणि मी पुन्हा दारात पोचलो.

“मॅडम, मी विनायक.”

“दिसून राह्यलं मले. डोये नाही गेले अजून. काय भराचं हाय?”

“भरायचं काही नाही. तो फॉर्म मी लावला होता. मी खोटं बोललो.”

त्यांची बोटं चालूच. “अन् हे सांगाले केनवडले आले? मले कायले सांगता? मले तं माहीतच हाय, मी तठीच उभी होती ना.”

रांगेत कुणीतरी हसलं.

“ज्याले माहीत नाही त्याले सांगा,” मॅडम म्हणाल्या. “लावा भारतभाऊले फोन. अठीच लावा, आवाज मोठा करून. त्या मानसानं गावोगाव फोन करून सांगतलं होतं का तायडे काम बुडवते म्हनून. त्याले एकदा ऐकू द्या. लावा.”

मी नंबर दाबला, आवाज मोठा केला. फोन लागला. मागं टीव्ही चालू होता.

“बोल विनू. कसा काय?”

“भाऊ, एक सांगायचं होतं. तो कॉलेजचा तक्रारीचा फॉर्म, तायडे मॅडमचा... तो मॅडमनी नव्हता लावला. मी लावला होता. मी खोटं बोललो तुमच्यासमोर.”

“हौ ना,” भाऊ म्हणाले.

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. “भाऊ, मी म्हणतोय की...”

“ऐकलं रे बाप्पा. मले माहीत हाय ना ते. त्या दिवशी मी वर आलो होतो, तू तिच्या खुर्चीत बसून घाईघाईत लावून राह्यला होता. कायले डिस्टर्ब करा म्हनून तसाच खाली गेलो. तू घरचा मानूस, तुले काढतो का मी? तिले काढाचंच होतं कधी ना कधी. आता कायले उकरून काढून राह्यला? तब्येत बरी हाय ना तुही?”

मी फोन बंद केला. बाजारात कुणीतरी भाव ओरडत होतं.

सात वर्षं मॅडमना एक माणूस खोटारडा म्हणून माहीत होता. दुसरा, त्यांच्या समजुतीनं, फसवला गेलेला होता. त्याला खरं कळलं असतं तर आपण तिथंच असतो, असं त्या धरून चालल्या होत्या. हे मला त्यांच्या तोंडाकडे पाहून कळलं. मी केनवडला माझं ओझं उतरवायला गेलो होतो आणि त्यांच्याजवळ होतं नव्हतं तेवढंही काढून घेऊन आलो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडेच बघत होत्या, पण टाइप करत नव्हत्या. डाव्या हाताचं बोट एका बटणावर तसंच टेकलेलं राहिलं होतं, आणि पडद्यावर नावाच्या चौकटीत एकच अक्षर उमटत चाललं होतं. ममममममम. चौकट भरली, तरी सरकतच होतं.

स्टुलावरची म्हातारी वाकून बघायला लागली. तिला वाचता येत नसावं, पण अक्षरांची ओळ किती लांब झालीय ते दिसत होतं.

“बाई,” ती म्हणाली, “माहं नाव एवढं लांब नाही वं.”

मॅडमनी बोट उचललं. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला. आणि ती अक्षरं मागून एकेक करून पुसायला लागल्या. मी दारातून बाजूला झालो, तेव्हा पुसणं चालूच होतं.